गाठीचा रंग

"गाठ आहे, पण काळजीची नाही," डॉ. नाझनीन मुजावर म्हणाल्या आणि पुढचं वाक्य बोलण्याआधी क्षणभर थांबल्या.

अरिंजय मगदूमने ते थांबणं टिपलं. त्याचा तो धंदाच होता. सांगलीत तो वाहनविम्याचा सर्व्हेअर होता. ठोकलेली गाडी बघायची, मालकाची हकिगत ऐकायची आणि दोन्हींचा मेळ बसतो का ते ठरवायचं. "मी हळूच होतो साहेब" म्हणताना माणूस कुठे अडखळतो, हे त्याच्या कानाला आपोआप कळायचं.

"लिव्हरच्या उजव्या भागात आहे. सुपारीपेक्षा थोडी मोठी," डॉक्टर पुढे म्हणाल्या. "आमच्या टिश्यूमॅप यंत्राच्या मते अगदी निरुपद्रवी. उजवा भाग तुमच्या मेव्हण्यांना देताना गाठीसकट दिला तरी चालतो. तुम्ही दाता म्हणून पात्र आहात."

शेजारी बसलेल्या त्याच्या बायकोने, त्रिशलाने, डोळे मिटले आणि अरिंजयचा हात घट्ट धरला. तिचा धाकटा भाऊ सम्मेद याच इमारतीत, दोन मजले वर, पडून होता. यकृतातून पित्त वाहून नेणाऱ्या नळ्या आतून बुजत जाण्याचा त्याला आजार होता. मार्केट यार्डात त्याची हळदीची अडत. डोळे पिवळे व्हायला लागले तेव्हा यार्डातले हमाल म्हणायचे, "मालक, हळद चढली तुम्हाला," आणि तोही हसायचा. आता त्याच्यासमोर हळदीचं नावही कोणी काढत नसे. त्याचा रक्तगट ओ, त्रिशलाचा बी. आईवडील थकलेले. सम्मेदचं लग्न झालं नव्हतं. घरात ओ गटाचा, धडधाकट माणूस एकच निघाला, अरिंजय, आणि जेवताना त्याने स्वतःहूनच म्हटलं होतं, "माझं बघू या की."

डॉक्टरांनी पडदा त्यांच्याकडे वळवला. तपकिरी यकृतात एक हिरवा गोळा दिसत होता.

"हिरवा म्हणजे साधी गाठ," त्या म्हणाल्या. "लाल असता तर मी तुम्हाला परत पाठवलं असतं."

मिरजेच्या त्या रुग्णालयात टिश्यूमॅप येऊन सहा वर्षं झाली होती. त्याआधी यकृतात गाठ दिसली की डॉक्टर शिरेतून एक औषध सोडून एमआरआय काढत. निरोगी यकृतपेशींना या औषधासाठी जणू दारं असतात. पेशी ते आत घेतात आणि चित्रात उजळतात. साध्या गाठीत यकृताच्याच पेशी असतात, एका वाट चुकलेल्या रक्तवाहिनीभोवती दाटीने वाढलेल्या. त्यांना दारं असतात, पण पित्ताला बाहेर जायला नीट वाट नसते, म्हणून औषध आतच अडकतं आणि गाठ बराच वेळ उजळ राहते. अडेनोमा नावाच्या दुसऱ्या गाठीत बहुधा ही दारं नसतात, म्हणून ती काळी दिसते. अडेनोमाही कर्करोग नव्हे, पण त्याचे काही प्रकार पुढे बिघडतात. उजेड आणि काळोख बघून आत कोणत्या पेशी असतील हे ओळखायचं, आणि शंका राहिलीच तर सुई घालून तुकडा काढायचा, अशी ती रीत होती.

मॅपने सुई बंद केली. पूर्वी कापून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलेल्या लाखभर गाठींची चित्रं या यंत्राला शिकवलेली होती. ते चित्राचा कणन्‌कण त्यांच्याशी ताडून पाही आणि आतल्या पेशींचा रंगीत नकाशा काढून देई. वेदना नाही, रक्तस्राव नाही, थांबणं नाही. आता सरकारी नियमातही मॅपचा निकाल अंतिम धरला जाई.

विश्रामबागच्या घरापर्यंत गाडीत त्रिशला एकटीच बोलत होती. सम्मेदला आधी कुणी सांगायचं, आईला किती सांगायचं, शाळेतून तिला रजा कशी मिळेल. ती गणित शिकवायची. पुढचं सगळं ओळीने मांडून ठेवण्याची तिला सवय होती. मग ती थांबली.

"तू गप्प का?"

"काही नाही."

"अरिंजय."

"त्या बोलताना थांबल्या," तो म्हणाला. "काळजीची नाही म्हटल्यावर."

"श्वास घ्यायला थांबल्या असतील."

त्याने मान हलवली. पण पुढचे दोन दिवस तो वाचत राहिला. ही साधी गाठ बहुतेक बायकांना होते, पुरुषांना क्वचित. तिच्या मधोमध चांदणीसारखा एक वण असतो. त्याच्या गाठीत वण नव्हता. त्याने डॉ. मुजावरांना फोन केला. लहान गाठीत पुष्कळदा वण दिसत नाही, त्यांनी सांगितलं. आणि पुरुषांना क्वचित म्हणजे कधीच नाही असं नव्हे. प्रत्येक शंकेला उत्तर होतं आणि उत्तरं खोटी वाटत नव्हती. तरीही फोन ठेवताना त्याला वाटलं, समोरच्याने हकिगत नीट पाठ केली आहे.

जेवणाच्या टेबलावर त्याने सांगून टाकलं. "मला सुई घालून तपासून हवंय."

त्रिशलाने हातातला चमचा ताटात ठेवला. "सुई घातली की ऑपरेशन लांबणार. आतली जखम भरायला पंधरा दिवस तरी जातात. सम्मेदकडे तेवढे दिवस आहेत का, ते तुला माहीत आहे."

"म्हणून तर नीट बघायला हवं. ती गाठ त्याच्याच पोटात जाणार आहे."

"त्याच्यासाठी म्हणतोयस तू हे?"

त्याला पटकन हो म्हणता आलं नाही. त्रिशलाने ते पाहिलं. तो लोकांचं जे टिपायचा, ते आज तिने त्याचं टिपलं.

"तुझा संशयाचाच धंदा आहे," ती म्हणाली. "पण आजवर लोकांच्या गाड्यांवर चालायचा. भीती वाटते तर तसं सांग. मी समजून घेईन. पण भीतीला शंकेचे कपडे घालून माझ्यासमोर उभी करू नकोस."

ती उठून गेली. तो बसून राहिला. क्लेम हवा असलेल्या माणसाला आपल्या गाडीवरचा जुना पोचाही त्याच अपघातातला वाटू लागतो, हे त्याने कितीदा पाहिलं होतं. तो माणूस खोटं बोलत नसतो. त्याला खरंच तसं दिसत असतं. आपल्याला वण दिसत नाही तो नाहीच म्हणून, की तो नसावा असं आपल्याला वाटतं म्हणून?

प्रत्यारोपण विभागाचे प्रमुख डॉ. बिरनाळे अतिशय गोड बोलले आणि अरिंजयचा संशय त्यामुळे वाढलाच.

"मगदूमसाहेब, दात्याला शेवटच्या क्षणी अशा शंका येतात. त्यात लाजण्यासारखं काही नाही. तुम्हाला माघार घ्यायची असेल तर आम्ही घरच्यांना वैद्यकीय कारण सांगतो. तुमचं नाव कुठे येत नाही."

"मला माघार घ्यायची नाही. तपासून घ्यायचंय."

"तपासलंय. मॅपची अचूकता नव्याण्णव टक्क्यांच्या वर आहे."

"ती कुणी मोजली?"

बिरनाळे हसले. "मॅपच्या प्रत्येक निकालाची पुन्हा पडताळणी होते."

"कशाशी ताडून?"

"त्याच गाठीच्या पुढच्या मॅपशी," बिरनाळे म्हणाले, आणि त्यांना त्यात काहीच वावगं वाटलं नाही.

बाहेर पडल्यावर अरिंजय तडक डॉ. मुजावरांच्या खोलीत गेला. त्या पन्नाशीच्या होत्या, बारीक अंगाच्या. त्या डबा उघडून बसल्या होत्या. त्याला बघून त्यांनी झाकण परत लावलं.

"मॅडम, एकच विचारतो. त्या दिवशी तुम्ही थांबलात. का?"

"मी थांबले नव्हते."

"थांबला होतात."

त्यांनी डबा बाजूला सरकवला. मग त्यांनी पडद्यावर त्याचं चित्र आणलं आणि एक कळ दाबून रंग काढून टाकला. राखाडी यकृतात एक फिकट गोळा उरला.

"मी वीस वर्षं ही राखाडी चित्रं वाचली," त्या म्हणाल्या. "चित्र बघितलं की गाठीच्या आत काय आहे त्याचा वास यायचा म्हणा ना. आता मशिन रंगवूनच माझ्यासमोर आणतं. आधी हिरवा दिसतो, मग मी हिरवंच बघते. त्या दिवशी मी म्हटलं, एकदा स्वतः बघू. रंग मनातून बाजूला केला आणि मला काहीच दिसलं नाही. साधी नाही की दुसरी नाही. म्हणून थांबले."

"म्हणजे धोका आहे?"

"म्हणजे मला माहीत नाही. तुमच्या शंकेच्या बाजूने माझ्याकडे एकही पुरावा नाही, हे नीट ऐका. पण लिहून मागितलीत तर सुई नाकारण्याचा अधिकार रुग्णालयाला नाही. जुना नियम आहे. कुणी वापरत नाही एवढंच."

सम्मेदकडे तो एकटाच गेला. सम्मेद उशीला टेकून बसला होता आणि सुती मोजे घातलेल्या हातांनी दंड चोळत होता. या आजारात अंगाला सतत खाज सुटते. झोपेत नखं लागू नयेत म्हणून नर्सने मोजे घातले होते.

"या दाजी," तो म्हणाला. "ताईने सांगितलं. रडत होती."

अरिंजय स्टुलावर बसला.

"खरं सांगा. घाबरलाय?"

"हो."

"मग तसं म्हणा ना. मशिनवर कशाला ढकलता? मी तुम्हाला काही बोलणार नाही. तुम्ही आपणहून तयार झालात, तेवढंच पुष्कळ होतं."

"घाबरलोय हेही खरं आणि शंका आहे हेही खरं," अरिंजय म्हणाला. "दोन्ही वेगळं करता येत नाहीये मला. म्हणून सुई. निकाल साधा आला तर मी एक शब्दही न काढता टेबलावर झोपेन. शब्द देतो."

"आणि मी तोवर टिकलो नाही तर?"

सम्मेदने मोजा घातलेला हात त्याच्या गुडघ्यावर ठेवला. "जावा. करून घ्या. पण लवकर करा."

त्याने अर्ज दिला. त्या दिवसापासून त्रिशला भावाजवळ राहायला गेली. घरी येऊन कपडे घेऊन जायची आणि अरिंजयशी कामापुरतं बोलायची. ज्यांना कळलं त्यांनी आपापला अर्थ काढला. सासऱ्यांनी फोनवर फक्त "ठीक आहे" म्हटलं. तो उच्चार त्याच्या कानात दिवसभर राहिला.

सुई बोटभर लांबीची होती आणि दुखलं ते त्याने धरलं होतं त्यापेक्षा कमी. अडचण नंतर आली. तुकडा बघायला मिरजेत कुणी उरलंच नव्हतं. मॅप आल्यावर इथला तो विभाग बंद झाला होता. तुकडा पुण्याला गेला, तिथे एका निवृत्त पॅथॉलॉजिस्ट बाईंकडे. त्यांनी त्यावर जुन्या पद्धतीने रंग चढवले. इकडे सम्मेदच्या पोटात पाणी साठलं, ते काढावं लागलं. त्रिशलाने तेवढंच कळवलं. "पाणी काढलं. दीड लिटर." खाली काही लिहिलं नव्हतं.

निकाल आला तेव्हा डॉ. मुजावरांनी दोघांना एकत्र बोलावलं. पडद्यावर दोन चित्रं शेजारीशेजारी होती.

"हा रंग एका विशिष्ट प्रथिनाला लागतो," त्या म्हणाल्या. "डावीकडे पुस्तकातली साधी गाठ आहे. तपकिरी पट्टे बघा, नकाशातल्या नद्यांसारखे. मध्ये पांढरी जागा. उजवीकडे तुमची."

उजवीकडे नद्या नव्हत्या. सगळंच तपकिरी होतं, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, पुरात बुडाल्यासारखं.

"हा अडेनोमा आहे. त्यातला बिघडू शकणारा प्रकार. पुरुषांत तर जास्तच. यातल्या पुष्कळ गाठींमध्ये पेशींना ती दारं असतात, म्हणून औषध घेऊन त्याही उजळतात. चित्रात हुबेहूब साधी गाठ." त्यांनी चष्मा काढला. "मॅपला शिकवलेल्या लाखभर गाठींत अशा फार थोड्या असाव्यात. आणि मॅप आल्यावर आपण कापून बघणंच सोडलं. मग त्याला चूक कळणार कशी? स्वतःचा पेपर स्वतःच तपासत बसलं ते सहा वर्षं."

"आणि ही सम्मेदच्या पोटात गेली असती तर?" त्रिशलाने विचारलं.

"प्रत्यारोपणानंतर प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं जन्मभर घ्यावी लागतात. त्यात ही गाठ कशी वागली असती ते मी सांगू शकत नाही. चांगली वागली नसती, एवढंच." त्या अरिंजयकडे वळल्या. "तुम्हाला दान करता येणार नाही. ही गाठ काढावीच लागेल, पण दोनतीन महिने थांबली तरी चालेल. आणि मला आता मॅपने हिरव्या ठरवलेल्या सगळ्या गाठी परत बघायच्या आहेत. बिरनाळे सर नको म्हणतायत. लोक घाबरतील म्हणे."

"तुम्ही काय करणार?"

"पहिल्या वीस जणांना मी सकाळीच फोन केलेत," त्या म्हणाल्या.

जिन्यात त्रिशला थांबली. खालून कुणीतरी चाकाची खुर्ची ढकलत गेलं, ते जाईपर्यंत ती कठड्याला धरून उभी राहिली.

"मी तुला भित्रा म्हटलं."

"भित्रा म्हणाली नव्हतीस."

"मनात म्हटलं. रोज." तिने त्याच्याकडे बघितलं. "एक विचारू? निकाल आला तेव्हा तुला बरं वाटलं ना? गाठ वाईट निघाली म्हणून?"

तो नाही म्हणू शकला असता. आज त्याच्या हातात पुरावा होता, आणि पुरावा असणाऱ्या माणसाला कुणी दुसरा प्रश्न विचारत नाही.

"हो," तो म्हणाला. "आधी बरं वाटलं. मग सम्मेद आठवला. आधी मात्र बरंच वाटलं."

ती रडली नाही आणि चिडलीही नाही. फक्त "बरं" म्हणाली आणि त्याच्यासोबत जिना उतरली. त्या दिवशी ती घरी राहिली.

मार्ग त्रिशलानेच काढला. प्रत्यारोपणाच्या यादीत जतचे एक शिक्षक होते, बी गटाचे, धिप्पाड. त्यांच्या पत्नीचा गट ओ होता, पण यकृत नवऱ्याच्या मानाने फारच लहान भरत होतं. बारीक झालेल्या सम्मेदला मात्र ते पुरलं असतं. आणि उंच्यापुऱ्या त्रिशलाचा बी गट शिक्षकांना चालत होता. दोन घरांनी दाते बदलायचे, एवढंच. शिक्षकांच्या पत्नीने अर्ध्या तासात होकार दिला.

आता त्रिशला मॅपखाली गेली. निकाल दुसऱ्या दिवशी आला. पूर्ण तपकिरी यकृत, एकही ठिपका नाही. पात्र.

ती निकाल घेऊन रुग्णालयाच्या आवारात, चहाच्या टपरीसमोरच्या बाकावर येऊन बसली. अरिंजय चहा घेऊन आला.

"यात सुई कुठे घालायची?" ती म्हणाली. "गाठच नाही तर कुठे घालणार? नाही म्हणतंय ते तेच मशिन आहे ना."

"मुजावर मॅडमनी राखाडी चित्रं बघितली?"

"दोनदा. त्यांना काही दिसलं नाही. पण त्यांनी स्वतःच सांगितलं, त्यांची नजर अजून पुरती परत आलेली नाही." तिने कप दोन्ही हातांत धरला. "तुला काय वाटतं? तू बघ एकदा. तुझ्यासारखं बघ."

त्याने चित्रं घेतली. तिने काय मागितलं होतं ते त्याला कळत होतं. तो म्हणाला असता, "इथे जरा मला वेगळं वाटतंय," तर तिने ऐकलं असतं. त्याचा शब्द एकदा खरा ठरला होता. बायकोच्या पोटाला चीर पडणार नाही. सम्मेदचं काय होईल ते होईल. तो एकेक चित्र सावकाश बघत गेला आणि मनात काही अडखळतंय का ते चाचपत राहिला.

काही अडखळलं नाही. भीती मात्र होती, आणि ती चित्रं हातात घेण्याच्या आधीपासून होती.

"मला नको वाटतंय तू जावंस," तो म्हणाला.

तिचा चेहरा उतरला. "काय दिसलं?"

"चित्रात काही दिसलं नाही. खरंच काही नाही. मला नुसती भीती वाटतेय, त्रिशला. शंका नाही."

"नक्की?"

"या वेळेला नक्की."

तिने त्याच्या हातातून चित्रं घेतली, नीट जुळवली आणि पिशवीत ठेवली. "मग मी आईला फोन करते," ती म्हणाली.

चारही शस्त्रक्रिया एकाच दिवशी सुरू झाल्या. सकाळी उजाडताच दात्यांना आत नेलं, मग दोघा रुग्णांना. अरिंजय आणि जतच्या शिक्षकांचा भाऊ बाहेर एकाच बाकावर बसून राहिले. दोघांना एकमेकांचं नावही विचारायचं सुचलं नाही. दुपार कलल्यावर बिरनाळे बाहेर आले आणि सगळं व्यवस्थित झाल्याचं म्हणाले. अरिंजयने त्यांच्या खांद्यावरून आतल्या दाराकडे पाहिलं आणि विचारलं, "मला बघता येईल?"

त्रिशला दुसऱ्या दिवशी नीट बोलू लागली. ओठ कोरडे पडले होते. नर्सने ओल्या कापसाने ते टिपले. अरिंजय खुर्ची ओढून अगदी जवळ बसला.

"सम्मेद?" तिने विचारलं.

"बरा आहे."

"डॉक्टर म्हणाले म्हणून सांगतोयस?"

"नाही. मी आत जाऊन आलो. गाऊन, टोपी, सगळं चढवून."

"कसा दिसला?"

अरिंजयने आठवून आठवून सांगितलं. "नाकात नळी आहे. चेहरा सुजलाय. मला ओळखलं, बोट हलवलं. हातात मोजे नव्हते आणि मी होतो तेवढ्या वेळात त्याने एकदाही अंग खाजवलं नाही. डोळे मात्र अजून पिवळेच आहेत. पुष्कळ पिवळे आहेत."

त्रिशलाने त्याच्या चेहऱ्याकडे बराच वेळ बघितलं.

"पिवळे आहेत म्हणालास," ती म्हणाली, "म्हणून बाकीचं खरं धरते."

मग तिने डोळे मिटले. तिचा हात त्याने हातात घेतला आणि ती झोपेपर्यंत तसाच धरून ठेवला.